पहिला घोट

आमच्या चर्चच्या मंडळीत जीवरामनानांशी सगळ्यात जास्त कुणी भांडलं असेल तर मी. म्हणून त्यांच्याबद्दल सांगायचा हक्कही माझाच. बाकीचे सांगायला बसले तर ‘फार प्रेमळ माणूस, फार भक्तिमान माणूस’ असं गोडगोड बोलून मोकळे होतील. नाना भक्तिमान आहेतच हो, पण हट्टी किती आहेत ते मला विचारा.

मी दिपमाला. भुसावळला रेल्वे कॉलनीच्या मागच्या अंगाला आमचं घर. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, त्यावर शाळांचे गणवेश, ब्लाउज, साड्यांना फॉल-पिको, पडेल ते काम करते. नवरा प्रेमराज, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेला. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायला कुणी अडवत नाही, म्हणून मी सरळ प्रेमराजच म्हणते. चर्चमध्ये पेटी तोच वाजवतो. आमच्या लग्नाच्या उपासनेतसुद्धा पेटीवर दुसऱ्या कुणी बसलेलं त्याला चाललं नाही. पहिलं गीत स्वतः वाजवलं आणि मग माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

नाना धुळ्याकडचे, साक्रीजवळच्या खेड्यातले. तरुणपणी रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर, म्हणून लागले आणि सगळी नोकरी इथल्या लोको शेडमध्ये काढली. इतकी वर्षं भुसावळात राहून त्यांची अहिराणी काही सुटली नाही. भाजीवाल्यापासून स्टेशन मास्तरपर्यंत सगळ्यांशी ‘काय शे, कसं शे’ असंच बोलणार. बायको गेली, मुलगी सुरतेला दिली, तेव्हा ते चर्चच्या आवारातल्या खोलीत राहायला आले. झाडलोट करायची, सतरंज्या घालायच्या, रविवारची घंटा वाजवायची, हे सगळं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. पण त्यांचा खरा जीव प्रभुभोजनाच्या प्याल्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. मोठ्या शहरांतल्या काही चर्चमध्ये म्हणे प्रत्येकाला औषधाच्या टोपणाएवढा वेगळा कप मिळतो. आमच्याकडे सगळ्यांना मिळून एकच पितळी प्याला, आतून कल्हई केलेला. आधी पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, पितात, मग मंडळीचा कारभार बघणारे पंच, मग बाकीचे पुरुष, मग आम्ही बायका. एकाने प्यायलं की नाना कडा फडक्याने पुसतात आणि पाळक तो पुढच्याच्या ओठांना लावतात. उरलेला रस शेवटी नाना पितात. काळ्या मनुका भिजवून, उकळून रसही तेच करतात, आणि शनिवारी दुपारी चिंच लावून प्याला असा घासतात की त्यात तोंड दिसावं.

कोरोनात चर्च बंद झालं, ते उघडल्यावर आमचे पाळक योगेंद्रसाहेब कागदी कप घेऊन आले. तरुण माणूस, शिकलेला, हेतू चांगला. नानांनी कप हातात घेतले, कपाटात ठेवले आणि प्रभुभोजनाच्या दिवशी सांगितलं की उंदरांनी कुरतडले. दुसऱ्यांदा आणले तेव्हाही उंदरांनीच कुरतडले. उंदरांवर उगाच आळ आला हे सगळ्यांना कळलं, पण नानांच्या तोंडाला कोण लागणार. साहेबांनी नाद सोडला आणि पुढे साथ सरल्यावर प्याला परत आला. त्या दिवशी लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू, माझ्याही.

मग प्रेमराजच्या किडन्या गेल्या. साखर होतीच, त्यात जिभेवर ताबा नाही, वांग्याच्या भरताची पार्टी म्हटली की हा पुढे. आधी जळगावला डायलिसिसच्या चकरा झाल्या. शेवटी माझी किडनी जुळली आणि नाशिकला ऑपरेशन झालं. माझी डावी किडनी आता त्याच्या पोटात आहे. देवाच्या कृपेने ती चांगली चालते, माझ्यासारखीच, न थकता.

पण तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून नीट बजावलं. परकी किडनी शरीराने हाकलून लावू नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यांनी शरीराचा पहाराच ढिला पडतो. दुसऱ्याला साधी सर्दी होईल, याला त्याच सर्दीने न्यूमोनिया होऊ शकतो, किडनी जाऊ शकते, माणूसही जाऊ शकतो. गर्दी नको, शिळं नको, कुणाचं उष्टं तर अजिबात नको. त्या दिवसापासून घरातली पोलीस मी झाले. मंडळी नेहमीच्या रीतीने आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला आली, तर मी त्यांना फाटकातच थांबवलं आणि म्हटलं, प्रार्थना तिथून केली तरी वर पोचते. लोकांना राग आला. येऊ दे. ती किडनी माझी आहे, तिच्यासमोर कुणी खोकलेलं मला चालायचं नाही.

वर्षभर असं चाललं. प्रेमराजची तब्येत सुधारली, पण माणूस आतून वाळत चालला. रविवारी सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि खुर्चीत बसायचा. आमच्या घरी चर्चची घंटा ऐकू येते. घंटा झाली की उठून शर्ट काढून ठेवायचा आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायचा. मोबाइलवर उपासना लावून दिली तर म्हणाला, बंद कर, कुणीतरी पेटी चुकीची वाजवतंय. मी मशीनवर बसून त्याच्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, देवा, हा जगावा म्हणून मी पोट फाडून घेतलं, आणि हा तर असा पडून राहिलाय.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी थोडी मोकळीक दिली. मास्क लावून, उघड्या खिडकीशी बसून चर्चला जा म्हणाल्या. कुणी खोकत असेल तर उठून या. उष्ट्याचा नियम मात्र तोच. मला इतका आनंद झाला की बसस्टँडवर आम्ही दोघांनी चहा घेतला, त्याचा बिनसाखरेचा. तिथेच प्रेमराजने सांगून टाकलं की जाणार असेल तर तो प्रभुभोजनाच्या रविवारीच जाणार, आणि प्याला आला तर पिणार. सगळ्यांसमोर तोंड फिरवून बसणं त्याच्याने व्हायचं नाही. मी म्हटलं, मग तू जायचंच नाही. त्यानंतर भुसावळ येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी योगेंद्रसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, वेगळे कप मी आजही आणतो, पण नानांना तुम्ही सांगा. म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधायची. बांधते म्हटलं.

नाना खोलीबाहेर लसूण सोलत बसले होते. मी डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं, कपांचं सांगितलं. बोलता बोलता उष्टं हा शब्द आला आणि नानांचे हात थांबले. त्यांनी विचारलं, प्रभूच्या प्याल्याला तू उष्टं म्हणतेस? माझाही पारा चढला. मी म्हटलं, मी नाही म्हणत, जंतू म्हणतात, आणि त्यांना बायबल वाचता येत नाही. मग आमचं असं जुंपलं की शेजारच्या क्वार्टरमधली सुंदरबाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली.

तिला पाहून नाना परत लसूण सोलू लागले. तिने आम्हा दोघांना पाणी दिलं. मग नानांनी खाली बघतच त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती मी कधी ऐकली नव्हती.

नानांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढायची बंदी होती. खाली ओंजळ धरून बसायचं आणि वरून कुणी ओतलं तर प्यायचं. ओतणाऱ्याला वेळ नसला तर उन्हात बसून राहायचं. एकदा एक पाळक बैलगाडीतून गावात आला, झाडाखाली त्याने प्रभुभोजन केलं. स्वतः घोट घेतला आणि तोच प्याला आजोबांच्या हातात दिला. आजोबा प्याला धरून बसले, पिईनात. पाळकाने विचारलं, काय झालं? तर आजोबा म्हणाले, “मन्हा मांगे हाई कोन पिई?” माझ्यामागून हे कोण पिणार? पाळकाबरोबर एक मास्तर होता, वरच्या जातीतून ख्रिस्ती झालेला. तो पुढे येऊन म्हणाला, मी पितो. आजोबा प्याले, आणि त्यांच्यामागून मास्तर प्याला. घरी येऊन आजोबांनी बायकोला सांगितलं, आपण आता यांचे. नाना ख्रिस्ती आहेत ते त्या प्याल्यामुळे. आता तूच सांग, म्हणाले, त्या एकाचे शंभर कप कसे करू?

पण मी नवऱ्यासाठी आले होते. मी म्हटलं, “मग नाना, माझ्या नवऱ्याने कुठे उभं राहायचं? दाराबाहेर?”

नाना सोललेला लसूण तसाच सुपात टाकून खोलीत गेले. मी घरी आले आणि मशीनवर बसून रडले, कारण मला वाटलं की संपलं सगळं.

पुढचं मला योगेंद्रसाहेबांकडून कळलं. त्याच आठवड्यात पंचांची बैठक होती. नाना पंच नाहीत, बैठकीत सतरंजी घालून बाहेर जातात. त्या दिवशी सतरंजी घातली आणि तिथेच उभे राहिले. म्हणाले, प्याला एकच राहील. पण उकळत्या पाण्यातून काढलेला, कुणाचंही तोंड न लागलेला प्याला आधी प्रेमराज पिईल, आणि बाकीचे त्याच्यामागून. ज्याला खोकला, ताप, सर्दी असेल त्याने चर्चबाहेरच्या ओट्यावर बसायचं आणि त्या दिवशी प्याल्याला तोंड लावायचं नाही, मग तो कुणीही असो.

चुडामणभाऊ उठले. त्यांचा चोपड्याकडे केळीचा व्यापार, मंडळीत वजन. त्यांचं म्हणणं, पाळकाच्या आधी कुणी पिण्याची रीत नाही, आणि खोकणाऱ्याला बाहेर बसवलं तर लोक म्हणतील याला टीबी झाला. बराच वाद झाला. शेवटी योगेंद्रसाहेब म्हणाले की मी सगळ्यांच्या शेवटी पितो, मला त्यात कमीपणा नाही, आणि ओट्यावर स्पीकर लावू म्हणजे तिथे बसलेलाही उपासनेतच असेल. चुडामणभाऊ कुरकुरत का होईना, हो म्हणाले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, अडवायचंच असतं तर ते अडवू शकले असते.

मग नाना कामाला लागले. चर्चच्या खिडक्या कैक वर्षांच्या रंगाने चिकटून बसल्या होत्या. लोको शेडमध्ये आयुष्य गेलेला माणूस, हातोडी-पटाशी घेऊन एकेक सोडवली आणि बिजागऱ्यांना तेल घातलं. पेटी खिडकीखाली हलवली. सगळ्यांसाठी एकच फडकं वापरायचं तेही बंद झालं. मी जुन्या सुती धोतरांचे रुमाल शिवून दिले, प्रत्येकामागे एक, आणि सुंदरबाई ते उकळून वाळवायची. उपासना सुटल्यावर दाराशी हात मिळवायची मोठी रांग लागायची, तिथे आता लोक हात जोडून ‘जय ख्रिस्त’ म्हणू लागले. म्हाताऱ्यांना जड गेलं, पण केलं. एका माणसाच्या फुप्फुसांसाठी अख्ख्या मंडळीने आपली सवय मोडली. मी कुणाचेही आभार मानायला तयार नसते, माझा स्वभावच नाही, पण त्या दिवसांत मी रस्त्याने जाता येता लोकांना थांबवून आभार मानत सुटले होते.

डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी प्याला कसा धुणार, रस कसा करणार, सगळं खोदून विचारलं. म्हणाल्या, पहिला घोट चालेल, पण पहिलाच, आणि मास्क लगेच वर.

डिसेंबरचा पहिला रविवार उजाडला. प्रेमराजने इस्त्रीचा शर्ट घातला. घंटा झाली आणि त्याने तो काढला नाही. आम्ही निघालो. वाटेत तो इतक्या भराभर चालायला लागला की मला मागून ओरडावं लागलं.

आत गेलो तर पाळकांशेजारी नाना नव्हते. त्यांच्या जागी सुंदरबाई रुमालांची थाळी घेऊन उभी होती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बघा, रुसला शेवटी म्हातारा. पंचांसमोर मोठेपणा केला आणि ऐन वेळी पाय काढला. मी रागारागाने इकडेतिकडे बघत होते, तेवढ्यात उघड्या खिडकीतून ओटा दिसला. ओट्यावरच्या बाकावर नाना एकटेच बसले होते. डोक्याला मफलर, तोंडाला मास्क.

सुंदरबाईने हळूच सांगितलं. शनिवारी दुपारपासून नानांना खोकला लागला होता. त्यांनी प्याल्याला हातसुद्धा लावला नाही, मनुकांनाही नाही. सगळं तिच्याकडून करून घेतलं, दारात लांब उभं राहून. प्याला तिने परत उकळेपर्यंत हलले नाहीत.

चुडामणभाऊ उठून दाराशी गेले. नाना तरुणपणी विड्या ओढायचे, छाती कायम खरखरते, हे साऱ्या मंडळीला ठाऊक. भाऊ म्हणाले, हा तुमचा विडीचा खोकला, याने काय होतं, आत या. नानांनी मान हलवली. भाऊंनी परत म्हटलं. नानांनी परत मान हलवली आणि हाताने खूण केली, सुरू करा. सगळी मंडळी माना वळवून बघत होती.

साहेबांनी प्रार्थना केली, भाकर मोडली. नानांचा तुकडा ते स्वतः ओट्यावर नेऊन देऊन आले. मग हात पुन्हा धुतले आणि प्याला उचलला. प्रेमराज एकटाच पुढे जाऊन गुडघ्यांवर बसला. मास्क खाली केला. मी इथे बसल्या जागी माझी उरलेली किडनी धरून बसले होते. त्याने घोट घेतला, मास्क वर केला, उठला आणि जाऊन पेटीवर बसला. भाता हलवला. पहिला सूर निघाला आणि माझ्या शेजारच्या बाईने माझा हात दाबला, कारण मी हुंदके देत होते आणि मलाच ते ऐकू येत नव्हतं.

मग त्याच्यामागून पंच प्याले, चुडामणभाऊ प्याले, पुरुष, बायका, मी. सगळ्यांच्या शेवटी साहेब प्याले. प्याल्यात जो रस उरतो, जो कायम नानांचा, तोही त्या दिवशी साहेबांनीच संपवला.

ज्या प्याल्यामुळे त्यांचं घराणं इथे आलं, तो त्या दिवशी आम्ही सगळे प्यालो, आणि नाना तेवढे राहिले. माझ्या नवऱ्यासाठी.

शेवटचं गीत चालू असतानाच मी उठून बाहेर गेले. प्रेमराज आत जोरात वाजवत होता. नाना स्पीकरखाली बसून बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होते. मला काय म्हणायचं होतं ते सगळं मी वाटेतच विसरले. मी नुसतं ‘नाना’ म्हटलं.

ते म्हणाले, “मी नही पिना तरी चालस. प्रेमराज पिना ना, माय?”

“प्यायला, नाना. पहिला प्यायला.”

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मला राहवेना. मी ओट्याची पायरी चढून त्यांचे हात धरायला पुढे झाले. नाना झटकन उठले, दोन पावलं मागे सरले आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“दूर ऱ्हाय, माय,” ते म्हणाले. “तुले त्यानाजोडे जानं शे.”

मी तिथूनच हात जोडले, आणि आत प्रेमराजजवळ गेले.